आठवणीचा सातबारा

कुरुंदा हे गाव बाहेरच्या वाचकाला ठाऊक असते ते एका आडनावामुळे. वसमत तालुक्यातले हे गाव. जवळ टोकाईचा डोंगर, त्याच देवीच्या नावाचा सहकारी साखर कारखाना, शिवारात ऊस आणि हळद. पुण्या-मुंबईच्या माणसाला यातले काही माहीत नसते. पण कुरुंदकर म्हटले की त्याला ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना लगेच आठवते. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि त्या वयाच्या मराठवाड्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांसारखे तेही चळवळीत ओढले गेले होते. पुढे त्यांनी या लढ्यावर भरपूर लिहिले. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ असे पुस्तकच त्यांच्या नावावर आहे. त्या लिखाणात ‘आमच्या घराने काय सोसले’ हा सूर लागत नाही. निजामाची सरंजामशाही, इत्तेहाद पक्षाचे धर्माच्या नावाने चाललेले राजकारण, स्टेट काँग्रेसची घडण, यांची कारणे तपासत तपासत ते पुढे जातात. इत्तेहादच्या रझाकार या सशस्त्र दलाची दहशत ज्या पिढीने डोळ्यांनी पाहिली तिच्यातला माणूस असे लिहू शकला, याचे मला दिवसेंदिवस जास्तच नवल वाटते.

हा लेख कुरुंदकरांवर नाही. त्यांच्या गावाच्या निमित्ताने मला वेगळाच प्रश्न मांडायचा आहे. एखाद्या कुटुंबावर, समाजावर सामुदायिक हत्येचा घाला पडतो. वाचलेले लोक किंवा त्यांची मुले-नातवंडे पुढे एखादे धर्मादाय प्रतिष्ठान काढतात आणि आठवण जपायचे काम अंगावर घेतात. अशा वेळी ते नेमके काय जपतात, आणि कोणासाठी? हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी गेली सत्तर-ऐंशी वर्षे या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. मराठवाड्यात १९४७-४८ चे दिवस काढलेल्या घरांना तो कोणी विचारलेलाच नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : आठवणीवरचा ताबा सोडायची तयारी असेल तरच कुटुंबाने संस्था काढावी, आणि त्या संस्थेच्या कपाटात पहिला कागद असा असावा की जो त्याच घराला अडचणीचा आहे.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रँक कुटुंबाचे. ॲन फ्रँकची रोजनिशी मराठीत मंगला निगुडकरांच्या अनुवादातून घरोघरी गेली, त्यामुळे ती गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. तिच्यानंतर काय झाले हे मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. वडील ओटो फ्रँक आउश्वित्झमधून जिवंत सुटले आणि ३ जून १९४५ ला ॲमस्टरडॅमला परतले. बायको गेल्याचे वाटेतच कळले होते. दोन्ही मुली गेल्याचे नंतर कळले. ऑफिसातल्या मीप खीस यांनी टेबलाच्या खणात सांभाळून ठेवलेले ॲनचे कागद तेव्हा त्यांच्या हाती दिले. २५ जून १९४७ ला त्यांतून डच भाषेत पुस्तक निघाले. ज्या इमारतीत हे कुटुंब लपले होते ती पुढे पाडायला निघाली, म्हणून १९५७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये संस्था स्थापन झाली आणि १९६० मध्ये तिथे संग्रहालय उघडले. १९६३ मध्ये ओटोंनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आणखी एक प्रतिष्ठान काढले : ॲन फ्रँक फाँड्स. पुस्तकाचे हक्क या प्रतिष्ठानाकडे राहिले. त्यातून येणारा पैसा मुलांसाठीच्या कामांना जातो. ज्यूंना लपवून वाचवणाऱ्या आणि म्हातारपणी हलाखीत सापडलेल्या बिगरज्यू माणसांच्या औषधपाण्यालाही जातो. ज्याने आपल्याला वाचवले त्याच्या दवाखान्याचे बिल भरावे, ही कल्पना मला एखाद्या पुतळ्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटते.

पण बापाने काढलेल्या पुस्तकात बापाची कात्री चालली होती. आईबद्दलचे ॲनचे कडवट शेरे, वयात येणाऱ्या शरीराबद्दलचा मजकूर यांतला बराच भाग पहिल्या आवृत्तीत गाळला गेला. काही ओटोंनी गाळला, काही प्रकाशकाने. १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. मूळ हस्तलिखितातली पाच पाने ओटोंनी काढून एका विश्वासातल्या सहकाऱ्याजवळ देऊन ठेवली होती. आपल्या आईवडिलांच्या संसारात प्रेम किती होते, याबद्दल त्या पानांत मुलीने लिहिले होते. ती पाने डच सरकारच्या ताब्यात यायला २००१ उजाडले आणि त्यासाठी तीन लाख डॉलर मोजावे लागले.

यावरून ओटोंना बोल लावायला मी धजणार नाही. ज्या माणसाची बायको आणि दोन्ही मुली गेल्या, त्याने आपल्या संसाराबद्दलची पाच पाने झाकून ठेवली तर त्यात गैर वाटावे असे काय आहे? मुद्दा त्यांच्या चांगुलपणाचा नाहीच. प्रत्येक कुटुंब हेच करते. आपल्याकडे तर घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा शिरस्ताच आहे. मृत्युलेखात आजोबा नेहमी शिस्तप्रिय, आजी सोशीक, आणि दोघे गरिबांचे कैवारी. म्हणून घराच्या हाती आठवण राहिली की ती सुरक्षित राहते आणि अर्धवट राहते, दोन्ही एकदमच.

ओटोंच्या शहाणपणाची खरी जागा दुसरीकडे आहे. मूळ हस्तलिखित त्यांनी प्रतिष्ठानाला दिले नाही. मृत्युपत्राने ते नेदरलँड्सच्या सरकारी युद्धदफ्तर संस्थेला गेले. १९८० मध्ये ओटो वारले, कागद संस्थेत आले आणि १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती निघाली. ॲनचे पहिले लेखन, तिने स्वतः सुधारून लिहिलेला मजकूर आणि वडिलांनी छापलेला मजकूर अशी तिन्ही रूपे तिथे एकाखाली एक छापलेली आहेत. बापाची कात्री कुठे कुठे फिरली हे कोणाही वाचकाला बोट ठेवून पाहता येते. ही रोजनिशी बनावट आहे अशी आवई नाझींचे समर्थक वर्षानुवर्षे उठवत होते. अक्षर, शाई, कागद, डिंक यांची न्यायवैद्यक प्रयोगशाळेने केलेली तपासणी त्याच आवृत्तीत आहे. कागद कुटुंबाच्याच कपाटात राहिले असते तर हे उत्तर देताच आले नसते. दिले असते तरी कोणी मानले नसते, कारण घरच्यांची साक्ष ती घरच्यांचीच.

आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत हा भेद शेंबड्या पोरालाही समजतो. सातबाऱ्यावर नाव एकाचे असते, वहिवाट दुसऱ्याची असते आणि भांडण लागले की तलाठी पीकपाहणीचा रकाना उघडतो. ओटोंनी आठवणीच्या बाबतीत तेच केले. हक्काचे उत्पन्न प्रतिष्ठानाच्या नावावर लावले आणि वहिवाट जगाला मोकळी केली. पुढे ॲमस्टरडॅमची आणि बाझलची संस्था एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्याच. संग्रहालयाकडे उसन्या दिलेल्या हजारो पत्रांचा, छायाचित्रांचा वाद होता आणि २०१३ मध्ये ती परत करण्याचा निकाल लागला. बाझलवाल्यांचे म्हणणे असे की ॲमस्टरडॅमने ॲनला सगळ्या जगाची लाडकी मुलगी करून टाकले. ती फ्रँकफुर्टच्या एका जुन्या ज्यू घराण्यातली मुलगी होती आणि ज्यू म्हणूनच मारली गेली, हे त्यात पुसट झाले. या भांडणात मी बाझलच्या बाजूला झुकतो. ‘माणुसकीचा खून झाला’ असे मोघम म्हटले की खून कोणाचा आणि कोणी केला हे दोन्ही प्रश्न टळतात. भांडण मात्र वाईट नाही. एकाच आठवणीचे दोन राखणदार एकमेकांवर नजर ठेवून असले तर वाचकाचा फायदाच होतो.

आता महाराष्ट्रात येऊ. युरोपातल्या त्या काळाची आठवण म्हणून आपल्याकडे हमखास दाखवली जाते ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले; बहुतेक बायका आणि मुले. त्यांतली मुले मोठी होऊन जगभर पांगली, त्यांनी लंडनमध्ये आपली संघटना काढली, आठवणींचा जाड ग्रंथ केला, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. हे काम जीव लावून झालेले आहे. मात्र एक भेद इथे गुळमुळीत होतो. हे लोक हिटलरच्या नव्हे, स्टॅलिनच्या राजवटीने सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलून नेलेले होते. भाषणांत सगळे एकाच ‘युद्धाच्या झळा’त घातले जाते. दुसरे असे की वळिवड्याची आठवण आपल्याला गोड लागते, कारण तिच्यात आपण यजमान आहोत. त्याच काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून हिटलरच्या भीतीने पळून आलेल्या ज्यूंना इंग्रज सरकारने केवळ जर्मन पासपोर्टापायी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवले आणि अहमदनगर, पुरंदर, देवळाली इथल्या छावण्यांत नाझींबरोबरच ठेवले. पुरंदरावर जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते?

मराठी बोलणाऱ्या ज्यूंची कथा तर आणखी निराळी आहे. कोकणातले बेने इस्राएल, आपले शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले आणि ज्यू म्हणून त्यांच्यावर कोणी हात उगारला नाही. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे दरवर्षी संहारदिनाला सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो, दोन मिनिटे रस्त्यावरच्या गाड्या जागीच थांबतात, माणसे उतरून उभी राहतात. अलिबाग-पेणकडून गेलेली कुटुंबेही तशीच उभी राहू लागली. आपल्या घरात न घडलेल्या मरणाचे सुतक त्यांनी धरले. आणि १९६०च्या दशकात त्याच देशातल्या धर्मपीठाने या लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्ने अडवली. धरणे धरावी लागली, १९६४ मध्ये संसदेला मध्ये पडावे लागले. संहाराची सामुदायिक आठवण सांगणाऱ्या समाजालाही आपल्यातल्याच काळ्या-सावळ्या भावंडांना दारात अडवून ठेवता येते. सोसलेल्याला शहाणपण आपोआप येत नाही, एवढे यावरून दिसते.

मराठवाड्याची तुलना मी त्या संहाराशी करत नाही. आगगाड्या भरून माणसे नेणे, विषारी वायूच्या कोठड्या, सरकारी कचेरीत बसून आखलेला वंशसंहार, यातले इथे काही घडले नाही. तुलना करणाऱ्याला बहुधा मेलेल्यांशी कर्तव्य नसते, आपला आकडा मोठा करायचा असतो. पण कामाची पद्धत उचलायला काय हरकत आहे?

आपली पद्धत काय होती ते पाहा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. हुतात्म्यांच्या नावाने संस्था निघाल्या. वसमतचे महाविद्यालयच मुळी हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या स्मरणार्थ ‘बहिर्जी स्मारक’ म्हणून ओळखले जाते, आणि एका हुतात्म्याच्या नावावर तालुक्यातली पोरे पदवीधर व्हावीत ही गोष्ट छान आहे. सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन दिले. त्या निवृत्तिवेतनाच्या फायलीनेच मराठवाड्याची आठवण घडवली, असे माझे मत आहे. फाइलला पुरावा लागतो : तुरुंगाचा दाखला, वॉरंट, सरहद्दीवरच्या कॅम्पात होतो असे सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र. ज्याने बंदूक धरली, जंगल सत्याग्रह केला, कॅम्पात राहिला, त्याची नोंद झाली. बीड जिल्ह्यात तर बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण चौकशी आयोगापर्यंत गेले, म्हणजे न लढलेल्यांच्याही फायली झाल्या. पण ज्याला रझाकारांनी घरात घुसून मारले आणि ज्याने काहीच केले नव्हते, त्याची फाइल कुठून होणार? त्याचा वारस कोणत्या कलमाखाली अर्ज करणार? लढणारे आठवणीत राहिले, नुसते मेलेले गळून गेले.

आणि गळालेल्यांतही दोन रांगा आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लष्करी कारवाई संपली, निजाम शरण आला. लगेचच रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी पकडला गेला. त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार असलेल्यांवर उगवला गेला आणि नसलेल्यांवरही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती केंद्र सरकारने पाठवली. त्या समितीने वर्ष सरायच्या आत संस्थानचा दौरा केला. कमीत कमी धरले तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. रझाकारांनी आधी काय केले होते याची जाणीव त्या अहवालात आहे आणि मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. सरकारने तो दाबून ठेवला. दिल्लीच्या ग्रंथालयात तो सर्वसामान्य अभ्यासकाला पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास. मधली पासष्ट वर्षे ही आठवण फक्त घरांत होती. मुसलमान घरांत दबक्या आवाजात. हिंदू घरांत ‘त्या वेळी गडबड झाली’ अशा एका वाक्यात. ‘गडबड’ हा शब्द मी जुन्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की त्याच्या पलीकडचे विचारायचे नसते, हे लहानपणीच समजून गेले होते.

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे : मढी कशाला उकरता? एकाच गल्लीत राहायचे आहे, एकाच आडतीवर हळद घालायची आहे. आक्षेप खोटा नाही. मढी उकरणारे आज कमी नाहीत, आणि ते आपल्या बाजूचेच मढे उकरतात, निवडणुकीच्या तोंडावर उकरतात, चित्रपटासाठी उकरतात. पण आठवण कोणीच नीट नोंदवली नाही म्हणूनच ती या लोकांना फुकटात मिळाली. कागदावर नाव, गाव, तारीख आणि सांगणाऱ्याची सही असती, तर व्यासपीठावरून शून्ये वाढवता आली नसती. आणि शून्ये पुसताही आली नसती.

जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने १९५० च्या दशकापासून जे केले ते म्हणूनच मला कुठल्याही संगमरवरी स्मारकाहून मोठे वाटते. तिने एक छापील अर्ज काढला. एका मृतासाठी एक कागद. आडनाव, नाव, लग्नाआधीचे आडनाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव, जन्मगाव, युद्धापूर्वीचे राहते गाव, धंदा, मृत्यू कुठे आणि कसा झाला. खाली भरणाऱ्याचे नाव, पत्ता, मृताशी नाते आणि सही. बस्स. कुठे ‘अमर’ नाही, ‘वीर’ नाही. असे लाखो कागद जमले. दूरचा पुतण्या, शेजारीण, शाळासोबती, ज्याला जेवढे आठवले तेवढे त्याने भरले. साठ लाखांतल्या बहुतेकांची नावे आता हाती लागली आहेत. शेवटचा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. सांगणारा स्वतःला झाकून घेऊ शकत नाही. खोटे सांगितले तर कोणाचे खोटे हे कायम राहते. गावच्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात त्या याचसाठी.

हा अर्ज मराठवाड्यात भरून घेता आला असता. अजूनही येईल, पण घाई करावी लागेल. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आपल्याला जुने कागद शोधता येत नाहीत असेही नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि बघता बघता निजामकालीन दप्तरे उघडली. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले, तहसील कचेऱ्यांतल्या गाठोड्यांवरची धूळ झटकली, अधिकारी हैदराबादपर्यंत जाऊन आले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासननिर्णय निघाला. मराठा आरक्षणाची मागणी योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. मला दिसते ते एवढेच की पणजोबाची जात शोधायला सगळा प्रांत दप्तरात डोके घालून बसला आणि त्याच दप्तरांच्या काळात मारल्या गेलेल्यांची नावे शोधायला एक कारकूनही बसला नाही. मेलेल्याच्या नावावर दाखला मिळत नाही, हे त्याचे साधे कारण.

म्हणजे हे काम सरकारकडून होणार नाही. झाले तर एकाच रांगेचे होईल. ते कुटुंबांनीच करायचे आहे. आणि कुटुंबाने संस्था काढायची म्हटली की आपल्या कायद्याची एक गंमत समोर येते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासाची नोंदणी होते, उद्देश लिहावे लागतात, मालमत्ता लिहावी लागते. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. पत्रांना, रोजनिशीला, ध्वनिफितींना असे संरक्षण नाही. जंगम मालमत्तेच्या यादीत टेबल एक, खुर्च्या सहा, लोखंडी कपाट एक असे लिहिलेले असते. कपाटात काय आहे ते कोणी लिहीत नाही. दोन गुंठ्यांसाठी आयुक्तांकडे चपला झिजवाव्या लागतात आणि आजोबांची ट्रंक भंगारवाल्याला द्यायला कोणाची हरकत नसते. मग विश्वस्तांत बदल झाला की चेंज रिपोर्ट, त्यावर चुलतभावाची हरकत, आणि दहा-बारा वर्षे तारखा. हयात असलेल्या साक्षीदारांना तेवढा वेळ कुठला?

ट्रंकेचे म्हणाल तर कुरुंद्याला ते वेगळे सांगायला नको. २०२२ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने गावात पुराचे पाणी शिरले. धान्य गेले, संसार गेले, त्याची भरपाईची यादी झाली. भिजलेल्या कागदांची यादी कोण करतो? निजामी काळातला कागद जाड असतो, चिवट असतो. पण शाई पाण्यात उतरली की उरलेल्या कागदाला वाचायला काहीच राहत नाही. कागद एकाच घरात ठेवू नये, याला यापेक्षा वेगळा युक्तिवाद लागू नये. मूळ प्रत जिल्ह्याबाहेर, पुराभिलेखागारात किंवा विद्यापीठात, छायाप्रत घरात, तिसरी कोणालाही पाहता येईल अशी.

दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा जड आहे, आणि त्यापुढे मला थांबावे लागते. सगळेच नोंदवायचे का? त्या दिवसांत बायकांवर जे झाले ते? विहिरीत उड्या टाकलेल्या, पळवून नेलेल्या, आणि परत येऊन पुढे चाळीस-पन्नास वर्षे संसार केलेल्या? तिच्या नातवाला आज आजीचे नाव यादीत छापलेले दिसावे, असे म्हणण्याचा मला कोणताही अधिकार नाही. ओटो फ्रँकची पाच पाने इथे मला वेगळी दिसू लागतात. गुपित ठेवणे आणि नष्ट करणे यांत फरक आहे, आणि त्यांनी पाने जाळली नव्हती. जगभरची अभिलेखागारे यासाठी जे करतात ते आपल्यालाही करता येईल : लखोटा बंद करायचा, वर मुदत लिहायची, अमुक वर्षापर्यंत उघडू नये, आणि मुदत ठरवायचा हक्क त्या बाईचा, ती नसेल तर तिच्या लेकींचा. मुलग्यांचा नको, असे मी मुद्दाम म्हणतो. घराची अब्रू राखण्याच्या नावाखाली बायकांच्या तोंडाला कुलूप लावायचे काम बहुतेक वेळा मुलग्यांनीच केले आहे.

मग असे प्रतिष्ठान चालवणाऱ्या घराने पहिला कागद कोणता भरावा? समजा, वसमत तालुक्यातल्या एका घराने आजोबांच्या नावाने न्यास काढला. आजोबांना रझाकारांनी मारहाण केली होती, घर लुटले होते. तो कागद आपोआप भरला जाईल, नातवंडे हौसेने भरतील. त्याच सप्टेंबरात, सैन्य आल्यावर, आजोबा कुठे होते? शेजारच्या गल्लीतले घर जळाले तेव्हा त्यांनी ते पाहिले की विझवले, की आणखी काही केले? जळालेल्या घराची जमीन पुढे कोणाच्या नावावर चढली? हे कागद ज्या न्यासाच्या दप्तरात असतील त्याच्या पहिल्या कागदावर मी विश्वास ठेवीन. मुसलमान घराने न्यास काढला तर त्यालाही हेच लागू : गावातले रझाकार कोण होते, त्यांचे जेवण कोणाच्या चुलीवर शिजत होते, आणि त्यांना दारात उभे न करणारे मुसलमान कोण होते. तसे मुसलमान होते. निजामाविरुद्ध लेखणी चालवणारा शोएबुल्ला खान हा तरुण संपादक ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर याच कारणासाठी मारला गेला. गावपातळीवरचे असे शोएबुल्ला कोणत्याच फायलीत नाहीत. आणि ज्यांनी शेजारी लपवले ते दोन्हीकडचे लोक नोंदवायचे; याद वाशेम १९६३ पासून अशा बिगरज्यूंची वेगळी नोंद ठेवते आणि ती संख्या सत्तावीस हजारांच्या वर गेली आहे.

कुरुंदकरांनी हे काम कुटुंबाच्या अंगाने केले नाही. ते तत्त्वाच्या, कारणांच्या अंगाने गेले. कारणे समजायला नावांची गरज नसते, म्हणून त्यांच्या पुस्तकांत नावांची यादी सापडणार नाही. ती त्यांची उणीव म्हणता येणार नाही, पण ते काम त्यांच्या वाचकांवर शिल्लक आहे. सुरुवात करायला इमारत नको, कोनशिला नको, मंत्री तर मुळीच नको. एक छापील अर्ज, तो घेऊन गावात फिरणारी दोन पोरे, जुना कागद निघाला तर वाचून देणारा उर्दू शाळेतला एखादा निवृत्त मास्तर, आणि अर्ज हिंदू मोहल्ल्यात जितके जातील तितकेच मुसलमान मोहल्ल्यात जातील हे पाहणारा एक खमका माणूस. खर्च झेरॉक्सचा आणि चहाचा. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी त्यानंतरही करता येते. उद्देशाच्या रकान्यात काय लिहायचे हे तोवर भरलेल्या अर्जांवरून कळलेले असेल.